ओल, बुरशी आणि हृदय : पुरानंतरच्या घरांविषयी



मागील अंकात पूरग्रस्त वाड्यांमधील कामाचा वृत्तांत दिला होता. तो वाचून काही वाचकांची पत्रे आली. बहुतेक पत्रांत एकच प्रश्न होता : पुरानंतर घरांच्या भिंतींवर जी बुरशी धरते, तिच्यामुळे हृदयविकार होतो असे कानावर आले आहे, ते खरे आहे का? एका मंडळीच्या तरुण संघाने तर बुरशीनाशक औषध आणि फवारणीचे पंप घेण्यासाठी देणगी गोळा करण्याची तयारी दाखवली आहे. आरोग्य पथकातील परिचारिका म्हणून मी या वाड्यांमध्ये जात असते, म्हणून उत्तर लिहिण्याचे काम संपादकांनी माझ्याकडे दिले.

थोडक्यात उत्तर आधीच देते. ओल आणि बुरशी यांमुळे दमा, खोकला आणि श्वसनाचे इतर त्रास वाढतात, हे पक्के ठरलेले आहे. घरातील बुरशी थेट हृदयविकार घडवते, हे मात्र सिद्ध झालेले नाही. असे असले तरी पुरानंतरच्या ओल्या घरातून आजारी हृदयापर्यंत जाणाऱ्या बऱ्याच वाटा आहेत आणि त्या अडवता येतात. त्यासाठी काय लागते आणि काय लागत नाही, हे आपल्या दानाचा विनियोग ठरवताना फार महत्त्वाचे आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

पाणी ओसरल्यावर घरात काय होते

जुलै २०२१ चा महापूर आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्या वेळी महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला. सावित्रीचे पाणी महाडमध्ये आणि वाशिष्ठीचे पाणी चिपळूणमध्ये शिरले. तळिये गावावर दरड कोसळली. बाजारपेठांचे नुकसान सर्वांनी दूरदर्शनवर पाहिले. नदीकाठच्या आणि ओढ्याकाठच्या कातकरी वाड्यांचे नुकसान फारसे कोणाच्या नजरेस आले नाही. कातकरी समाज महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, दुसऱ्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. एके काळी खैरापासून कात करणारा हा समाज आज वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर आणि शेतमजुरीवर जगतो. स्वतःची जमीन नसल्यामुळे घर बांधायला जागा मिळते ती बहुधा नदीच्या कडेची, उताराची किंवा दुसऱ्याच्या मालकीची. म्हणून पूर आला की पहिले पाणी यांच्याच घरात शिरते.

जुन्या पद्धतीचे घर कारवीच्या कुडाचे असते. कुडाला माती आणि शेणाचा लेप देतात. पाणी चढले की हा लेप गळून पडतो, कारवी भिजते, जमिनीची माती चिखल होते. गोधड्या, कपडे, कणगीतले भात, माळ्यावरचा पेंढा सगळे भिजते. ओल्या वस्तूवर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात. आपल्याकडचा पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो. त्या दिवसांत कोकणातील हवेतच इतका दमटपणा असतो की दोरीवर टाकलेला कपडा दोन दिवस वाळत नाही, मग भिंत कुठून वाळणार? पाणी एका दिवसात ओसरते, पण ओल गणपती होऊन नवरात्र येईपर्यंत घर सोडत नाही.

अलीकडे सरकारी घरकुल योजनांतून पक्की घरे मिळू लागली आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत कातकरी कुटुंबांचाही समावेश आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र कुडाच्या घरात फटींतून वारा खेळतो, तसा तो लहान खिडकीच्या सिमेंटच्या खोलीत खेळत नाही. खिडकीला प्लास्टिक लावून दार बंद केले की आतली ओल आतच राहते. पक्के घर पुरात टिकते, पण ते वाळवावे लागते.

बुरशी म्हणजे काय, आणि काय नव्हे

बुरशी ही देवाच्या सृष्टीतील एक उपयोगी गोष्ट आहे. रानातला पाला कुजवून माती करण्याचे काम तीच करते. तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. ते इतके लहान असतात की आपल्या केसाच्या जाडीत दहा-वीस बीजाणू शेजारी शेजारी बसतील. कोरड्या घरात ते नुसते पडून राहतात. ओल मिळाली की रुजतात, पसरतात आणि पुन्हा लाखो बीजाणू हवेत सोडतात. आपल्याला जो कुबट वास येतो, तो वाढणाऱ्या बुरशीने सोडलेल्या वायूंचा असतो. वास येत असेल आणि डाग दिसत नसतील, तर बुरशी पेटीमागे, गोधडीच्या घडीत किंवा फळीखाली आहे असे समजावे.

२०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनानंतर 'काळी बुरशी' हा शब्द घरोघरी पोहोचला आणि लगेच जुलैमध्ये पूर आला. त्यामुळे भिंतीवरचा काळा डाग पाहून लोक आजही घाबरतात. त्या आजाराचे नाव म्युकरमायकोसिस. तो मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना आणि जास्त प्रमाणात स्टिरॉइड घेतलेल्यांना झाला. त्यात रुग्णाच्या नाकातील किंवा टाळूवरील मृत झालेला भाग काळा पडतो, म्हणून ते नाव पडले. भिंतीवर काळा डाग दिसला म्हणजे घरात तो आजार आला, असा अर्थ होत नाही. एवढ्या भीतीपोटी कोणी घर सोडून जाण्याची गरज नाही.

शास्त्र काय सांगते

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. जगभरातील अभ्यास तपासून तिने सांगितले की ओलसर, बुरशी धरलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, श्वसनमार्गाचे संसर्ग आणि दमा यांचा त्रास अधिक होतो. ज्यांना आधीच दमा आहे त्यांचा दमा बळावतो. हृदयविकाराविषयी असा निष्कर्ष त्यात नाही.

मग पूर आणि हृदयविकार यांचा संबंध लोकांच्या बोलण्यात कोठून आला? त्याचे एक कारण अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहर असावे. २९ ऑगस्ट २००५ रोजी कतरिना चक्रीवादळ आले, बांध फुटले आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. पाणी कित्येक आठवडे साचून राहिले. ऑक्टोबरमध्ये तेथील आरोग्य यंत्रणेने घरांची पाहणी केली, तेव्हा ४६ टक्के घरांत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी आढळली. त्याच शहरातील टुलेन विद्यापीठाच्या रुग्णालयाने पुढे आपल्या नोंदी तपासल्या. वादळापूर्वीच्या दोन वर्षांत दाखल झालेल्या रुग्णांपैकी ०.७ टक्के हृदयविकाराच्या झटक्याचे होते. वादळानंतरच्या दोन वर्षांत हे प्रमाण २ टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे सुमारे तिप्पट झाले.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की 'बुरशीमुळे झटके वाढले' असे म्हणण्याचा मोह होतो. पण डॉक्टरांनी रुग्णांची परिस्थिती पाहिली तेव्हा वेगळे चित्र पुढे आले. वादळानंतरच्या रुग्णांमध्ये बेरोजगार अधिक होते. विमा नसलेले अधिक होते. धूम्रपान करणारे अधिक होते. आणि नेहमीची औषधे नियमित न घेणारे अधिक होते. घर गेले, काम गेले, दवाखाना बंद पडला, चिंता वाढली, त्याचा भार हृदयावर आला. तो भार पाणी ओसरले तेव्हा संपला नाही, वर्षानुवर्षे राहिला. बुरशी त्या संकटाची साक्षीदार होती. ती एकटीच गुन्हेगार होती असे म्हणता येत नाही.

हा मुद्दा आपल्या कामासाठी फार मोलाचा आहे. आपण सारे बळ भिंतीवरच्या डागावर लावले आणि माणसाच्या गोळ्यांकडे, धुराकडे, अन्नाकडे पाहिले नाही, तर भिंत स्वच्छ होईल आणि माणूस हातचा जाईल.

ओल्या घरातून हृदयाकडे जाणाऱ्या वाटा

पहिली वाट फुफ्फुसांची. फुफ्फुसे आणि हृदय एकाच गाडीला जुंपलेल्या बैलजोडीसारखी आहेत. एक थकला की दुसऱ्यावर ओढ येते. दमा किंवा जुना खोकला बळावला की शरीराला प्राणवायू कमी पडतो. फुफ्फुसांतून रक्त ढकलण्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो. असे वर्षानुवर्षे चालले तर ती बाजू थकते आणि पायांवर सूज येते. कोळशाच्या भट्टीवर आयुष्य काढलेल्या आणि एकदा क्षयरोग होऊन गेलेल्या माणसाची फुफ्फुसे आधीच अर्धवट निकामी असतात. त्याला बुरशीच्या हवेत झोपवणे धोक्याचे आहे. बुरशी धरलेला पेंढा वारंवार हाताळणाऱ्यांना फुफ्फुसांचा एक वेगळा आजारही होतो. त्याला 'शेतकऱ्याचे फुफ्फुस' असेच नाव आहे. पेंढा झटकल्यावर चार-सहा तासांनी ताप, थंडी आणि धाप लागते. लोक त्याला हिवताप समजतात.

दुसरी वाट धुराची. पुरानंतर लाकडे ओली असतात. ओले लाकूड पेटत नाही, धुमसते. बाहेर पाऊस असतो, दार बंद असते आणि घर वाळावे म्हणून चूल दिवसभर चालू ठेवली जाते. घरातील धुराच्या बाबतीत हृदयाशी संबंध निश्चित ठरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये स्वयंपाकाच्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांपैकी ३२ टक्के मृत्यू हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने आणि २३ टक्के पक्षाघाताने झाले. म्हणजे ज्या भीतीने आपण भिंतीकडे बोट दाखवतो, ती भीती चुलीच्या बाबतीत अधिक खरी आहे. ओल घालवण्यासाठी बंद खोलीत धूर कोंडणे हा उपाय रोगापेक्षा वाईट ठरतो.

तिसरी वाट संधिवाताच्या तापाची. आपल्या वाड्यांमध्ये मला सर्वांत जास्त काळजी हिची वाटते. घशात एका प्रकारचे जंतू (स्ट्रेप्टोकोकस) वाढून लहान मुलांचा घसा दुखतो. काहींना दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि हृदयाच्या झडपांना कायमची इजा होते. हा जंतू बुरशीतून येत नाही. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो, आणि दाटीवाटीत फार वेगाने जातो. पुरानंतर शाळेच्या एका वर्गात पाच-सहा कुटुंबे झोपतात, किंवा चार घरांपैकी एकच कोरडे असल्यामुळे सगळे त्याच घरात झोपतात. जंतूला हवी असते तीच ही परिस्थिती.

ज्यांच्या झडपा अशा बिघडल्या आहेत त्यांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे लांब मुदतीचे इंजेक्शन घ्यावे लागते आणि ते अनेक वर्षे चालू ठेवावे लागते. (हे पेनिसिलिन १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीतच सापडले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) इंजेक्शन चुकले आणि घशाचा संसर्ग पुन्हा झाला तर झडप आणखी खराब होते.

एका वाडीतील विशीच्या आतली मुलगी, पदरी एक मूल, अशीच इंजेक्शनवर होती. पुरात तिचे कार्ड वाहून गेले आणि गोळ्यांची पिशवीही गेली. रस्ता तुटल्यामुळे ती दोन वेळा इंजेक्शनला जाऊ शकली नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा ती बसूनच श्वास घेत होती, आडवी होऊ शकत नव्हती. घरच्यांनी मला भिंतीवरचे काळे डाग दाखवले. "बाई, ह्या बुरशीनंच हिचं काळीज धरलंय," असे तिची सासू म्हणाली. डाग होतेच, आणि त्यांनी तिचा खोकला वाढवला असेलही. पण तिची अंगातले पाणी कमी करणारी गोळी तेवीस दिवस बंद होती. तिला उपचाराला नेले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, इंजेक्शन मिळाले. देवाच्या कृपेने ती आज घरी आहे. त्या दिवशी आम्ही केवळ फवारणीचा पंप घेऊन गेलो असतो, तर काय झाले असते ते सांगायला नको.

चौथी वाट हीच : औषधे तुटण्याची. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा यांच्या गोळ्या पुरात जातात. माणूस चिखल उपसण्याच्या कामात असतो, त्यामुळे आठ-पंधरा दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही. अंगमेहनत दुप्पट, झोप अर्धी, मनावर चिंता आणि गोळी बंद, असे चारही भार एकदम पडतात.

पाचवी वाट धान्याची. भिजलेले भात आणि तांदूळ बुरशी धरतात, पण गरिबाच्या हातून ते फेकवत नाहीत. धुऊन, वाळवून, शिजवून खाल्ले जातात. याबाबत जपानचा इतिहास बोलका आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात बेरीबेरी नावाचा आजार फार होता. त्याचा एक प्रकार थेट हृदयावर आघात करणारा होता, धडधाकट तरुण काही दिवसांत दगावत. बेरीबेरीचे मुख्य कारण म्हणजे थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता. ते जीवनसत्त्व तांदळाच्या कोंड्यात असते आणि पांढऱ्या, सडलेल्या तांदळातून निघून जाते. परंतु बुरशीने पिवळ्या पडलेल्या तांदळातील विषाचाही त्या तीव्र प्रकारात वाटा असावा, असे जपानी संशोधकांनी दाखवून दिले. १९१० मध्ये बुरशी लागलेल्या तांदळाच्या विक्रीवर निर्बंध आल्यावर तो प्रकार झपाट्याने कमी झाला. त्या विषाला सिट्रिओव्हिरिडिन म्हणतात. २००६ मध्ये ब्राझीलच्या मारान्याव राज्यात बेरीबेरीची साथ आली, तेव्हा तेथील तांदळातही ते आढळले.

आपल्या वाड्यांना यातून दोन गोष्टी घेता येतात. बुरशी धरलेले धान्य माणसाने खाऊ नये आणि कोंबड्या-बकऱ्यांनाही घालू नये. बुरशीची काही विषे शिजवल्यानेही जात नाहीत. आणि मदतीच्या पिशवीत फक्त पांढरा तांदूळ असू नये. डाळ, शेंगदाणे, नाचणी असावी. कोकणात उकडा तांदूळ मिळतो. भात उकडताना कोंड्यातील थायमिन दाण्यात उतरते, म्हणून तो केव्हाही चांगला.

याशिवाय, पुरानंतर धाप आणि छातीत दुखणे यांमागे लेप्टोस्पायरोसिसही असू शकतो. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलातून तो पायाच्या जखमेवाटे शिरतो आणि कधीकधी हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो. चिखलात काम केल्यानंतर ताप आला तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात लगेच कळवावे.

लेवीयच्या पुस्तकातील एक जुना नियम

घरच्या बुरशीचा विचार पवित्र शास्त्राने फार पूर्वी केला आहे, हे आपल्यापैकी काहींना नवे वाटेल. लेवीयच्या १४ व्या अध्यायाच्या उत्तरार्धात भिंतीवर हिरवट किंवा तांबूस चट्टे दिसणाऱ्या घराविषयी नियम आहेत. घरमालकाने याजकाला कळवावे. याजक येण्यापूर्वी घरातील सामान बाहेर काढावे. मग याजकाने पाहणी करून घर सात दिवस बंद ठेवावे आणि पुन्हा पाहावे. चट्टा पसरला असेल तर तेवढे दगड काढून नगराबाहेर टाकावेत, आतून भिंत खरवडावी, खरवडलेली माती बाहेर टाकावी, नवे दगड बसवून नवा लेप द्यावा. एवढे करूनही चट्टा परत आला तर घर पाडावे.

शुद्धाशुद्धतेचा तो विधी आज आपल्याला लागू नाही. मात्र त्यातील क्रम पाहा : सामान बाहेर, पाहणी, खराब भाग काढणे, खरवडणे, वाहून नेणे, नवा लेप, पुन्हा पाहणी. आजचे तज्ज्ञही हेच सांगतात. डागावर काहीतरी शिंपडून तो झाकणे यात कोठेही नाही.

घर कसे वाळवावे

आम्ही वाड्यांमध्ये जे सांगतो ते येथे देते. आपल्या शहरातील घरी नळ फुटून किंवा गच्ची गळून ओल आली तरी हेच उपयोगी पडेल.

• शक्य तितक्या लवकर सगळे भिजलेले सामान बाहेर काढावे. ज्या दिवशी पाऊस उघडेल त्या दिवशी दोन्ही बाजूंची दारे-खिडक्या उघडून वारा खेळू द्यावा.

• कुडाचा लेप सुटला असेल तर तो पूर्ण काढावा. कुजलेली कारवी बदलावी. कूड आतून वाळल्यानंतरच नवा लेप द्यावा. ओल्या कुडावर लिंपल्यास बुरशी आत कोंडते आणि महिन्याभरात बाहेर येते.

• सिमेंटची भिंत व फरशी आधी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावी. नंतर सुमारे चार लिटर पाण्यात एक कप द्रवरूप ब्लीच घालून पुसावे व कोरडी करावी. ब्लीचमध्ये संडास साफ करण्याचे आम्ल किंवा दुसरे कोणतेही औषध कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

• बुरशी कोरडी झाडू नये, झाडल्याने बीजाणू घरभर उडतात. आधी ओली करून मग खरवडावी. नाकातोंडावर एन-९५ मास्क असावा, साधा रुमाल पुरत नाही.

• बुरशी धरलेल्या कापसाच्या गाद्या, उशा आणि पेंढा टाकून द्यावा. गोधडी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळली तर ठेवावी.

• हे काम दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना देऊ नये. त्यांना घरातील, नाहीतर शेजारच्या, सर्वांत कोरड्या खोलीत झोपवावे. जमिनीवर न झोपता बाज असावी.

• चूल तात्पुरती ओटीवर किंवा पडवीत न्यावी. सुकी लाकडे थोडी का होईना, माळ्यावर पावसाळ्यापूर्वी ठेवावीत.

छातीत दाब येणे, घाम फुटून घाबरे होणे, आडवे झाल्यावर श्वास अडकणे, पायांवर सूज, ओठ निळसर पडणे, यांपैकी काहीही झाले तर 'ओलीने झाले असेल' म्हणून थांबू नये. १०८ ला फोन करावा.

फवारणीच्या पंपाविषयी

तरुण संघाच्या प्रेमळ प्रस्तावाबद्दल आम्ही देवाचे आभार मानतो. पंप न घेण्याची विनंती का करत आहोत, ते आता लक्षात आले असेल. औषध फवारून बुरशी मेली तरी मेलेल्या बुरशीचे कणही दमेकऱ्याला तेवढाच त्रास देतात. भिंत ओली असेल तर आठवड्यात नवी बुरशी धरते. मातीच्या लेपात फवारा आतपर्यंत पोहोचत नाही. शिवाय बंद झोपडीत रसायन मारून त्याच रात्री मुलांना तेथे झोपवणे योग्य नाही.

त्याच पैशातून काय करता येईल, तेही सांगते. प्रत्येक वाडीतील रक्तदाब, मधुमेह, दमा आणि झडपांच्या रुग्णांची यादी मे महिन्यातच करायची. त्यांच्या औषधांची एक महिन्याची चिठ्ठी व गोळ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून त्यांच्याजवळ ठेवायच्या. पेनिसिलिन घेणाऱ्यांच्या तारखा आपल्या वहीतही लिहून ठेवायच्या, म्हणजे कार्ड गेले तरी तारीख जात नाही. पाणी ओसरल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या कारवीसाठी, मास्कसाठी, ब्रश-बादलीसाठी आणि बाजांसाठी खर्च करायचा. आणि एक माणूस असा हवा, जो पंधरा दिवसांनी पुन्हा त्या घरी जाऊन भिंतही पाहील आणि गोळ्याही पाहील. लेवीयमधील याजक दुसऱ्यांदा जाऊन पाहत असे. आपल्या कामात ही दुसरी भेटच सहसा राहून जाते, कारण पहिल्या आठवड्यानंतर सर्वांचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते.

तरुण संघातील कोणी येऊ इच्छित असतील तर कारवी बांधायला आणि सामान उन्हात काढायला हात हवेच आहेत. लिंपणे-सारवणे वाडीतल्या बायाच शिकवतील, त्या कामात त्यांच्याइतके तरबेज कोणी नाही.

प्रार्थनेसाठी विषय

१. ज्या कुटुंबांची घरे अजून ओली आहेत त्यांच्यासाठी, आणि त्यांना सुरक्षित जागी स्वतःची जमीन मिळावी यासाठी.
२. हृदयाच्या झडपांचा आजार असलेल्या मुलामुलींसाठी, त्यांचे एकही इंजेक्शन चुकू नये म्हणून.
३. चिखल तुडवत घरोघरी जाणाऱ्या आशाताई, अंगणवाडी सेविका आणि उपकेंद्रातील कर्मचाऱ्यांसाठी.
४. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांसाठी, तेथेही त्यांची औषधे चालू राहावीत म्हणून.
५. दूर राहून प्रार्थनेने व दानाने साथ देणाऱ्या आपणा सर्वांसाठी.

प्रभूच्या सेवेत आपली,
आरोग्य पथकातील एक परिचारिका